होकार फोनवर चालतो

सायलीला लस हवी की नको, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला आई हवी होती. दसरा झाल्यावर आई-बाप सांगलीकडं ऊस तोडायला गेले, ते गुढीपाडव्याशिवाय तोंड दाखवणार नव्हते. गावी चकलांब्यात चुलती छबुबाई पोटभर खाऊ घालायची, जीवही लावायची. पण तिनं वेणी घालायला घेतली की सायलीला आईचे खरबरीत हात आठवायचे आणि ती उगाच भांडण उकरून काढायची.

अशात गावच्या आशा कार्यकर्त्या गीताबाई यादी घेऊन आल्या. चौदा पूर्ण झालेल्या मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस, एकच सुई, फुकट. पंधरावं सरलं की यादीतून नाव बाद, आणि सायलीचं सरायला नऊच दिवस उरले होते. आई-बापाचा होकार तेवढा हवा.

होकार फोनवर चालतो, हे गीताबाईंनी दोनदा सांगितलं. सायलीनं ते या कानानं ऐकलं अन् त्या कानानं सोडून दिलं. आईला फोन लावून म्हणाली, कॅन्सर होऊ नये म्हणून मला दवाखान्यात न्यायचं म्हणतेत. बस्स. लस हा शब्द पोरीनं साफ गिळला.

तिला पक्कं माहीत होतं ती काय करतेय ते. तिची आई सत्यशीला सव्वीस वर्षांची असताना अंगावरून जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली, तर कॅन्सर होईल अशी भीती घालून डॉक्टरनं गर्भपिशवीच काढली. महिन्याभरात ती पुन्हा उसाच्या फडात मोळ्या उचलत होती. कंबर गेली ती गेलीच. गावात अशा कितीतरी बाया. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या बाया तर ताकाच्या वाटेलाच जात नाहीत.

"मी येते," सत्यशीला म्हणाली. "तवर कुनाला हात लावू देऊ नगंस."

मग सायलीला काय करू अन् काय नको असं झालं. तिनं अंगण सारवलं, आईची गोधडी उन्हात टाकली. आईच्या दुखण्यावर बोट ठेवून तिला बोलावलं, याची लाज वाटायची. पण आई येणार म्हटल्यावर लाज कितीशी टिकणार?

आई यायची होती त्या गुरुवारी ती फाट्यावर जाऊन बसली. दुपारची एसटी आली आणि गेली. तिला शोधत आल्या त्या गीताबाई. त्यांनी आदल्या दिवशी आपणहून सत्यशीलाला फोन केला होता. यात काही काढत नाहीत, दंडात सुई देतात, हे पाऊण तास समजावलं. शेवटी सत्यशीलानं एकच विचारलं, तुमच्या पोरीला दिली का? गीताबाईंच्या वर्षाराणीनं पहिल्याच दिवशी घेतली होती. त्यावर सत्यशीला हो म्हणाली.

"आता तिला यायचं कामच न्हाई," गीताबाई हसून म्हणाल्या. बाई गुणाची, पण तिच्या त्या गुणाचा सायलीला मनस्वी राग आला.

तरी छबुबाईबरोबर दवाखान्यात जाऊन तिनं मुकाट्यानं लस घेतली. नंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात. तेवढ्यात छबुबाईच्या फोनवर आईचा फोन आला.

"दुखतंय का गं?"

नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण सायलीला रडूच फुटलं. "आये, मी लबाडी केली. लस हाय हे मला ठाव होतं. तू यावंस म्हनून सांगितलं न्हाई."

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. आई रागावली नाही.

"मुकादमानं सुट्टी दिलती," ती म्हणाली. "फोनवर भागलं म्हनल्यावर तेनं मोडली. दोन दिस थांबून हो म्हनले असते, तर तुला बघितलं तरी असतं. बोचकं बांधलंतं मी, पोरी. अजून सोडलं न्हाई."

अर्धा तास झाला, असं गीताबाई सांगायला आल्या. सायलीनं मान हलवली आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला. दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.