गाय खात नाही

संशोधन केंद्रात त्या खोलीचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण सगळे तिला पेटी म्हणत. गाय उभी राहील, बसेल, पण मागे वळू शकणार नाही, एवढीच जागा. तीन बाजूंना पत्रा, समोर जाड काच, हवा आत सोडणारी एक नळी आणि बाहेर नेणारी दुसरी. गाईला आत घालायचं, दार हवाबंद करायचं, तोलून चारा द्यायचा आणि तिच्या श्वासातून, ढेकरांतून किती वायू बाहेर पडतो ते यंत्रानं टिपायचं. खाल्लेल्यातलं अंगी किती लागलं आणि वाऱ्यावर किती गेलं, हे त्यातून कळतं. माणसांसाठी अशी पेटी कोणी काढली नाही हे एक बरं आहे, नाहीतर निम्म्या कार्यालयाची पंचाईत झाली असती.

यंदा पेटीत परीक्षा होती ज्वारीच्या नव्या वाणाची. कणीस भरघोस, दाणा टपोरा, रोगाला दाद न देणारं. पीकवाले शास्त्रज्ञ मिशीला पीळ देत हिंडत होते. पण ताट, म्हणजे खालचा दांडा, जाड आणि कडक होतं. दाणा माणसं खातील, पण कडबा गुरांनी खायचा, आणि तो त्यांना पचला नाही तर शेतकरी ते वाण एकदा पेरतील आणि पुन्हा त्याचं नाव काढणार नाहीत. म्हणून जुन्या कडब्यावर ज्या चार गाई मोजल्या होत्या, त्याच आता नव्यावर मोजायच्या होत्या. गाय बदलली की तुलनाच गेली. चारांतल्या तीन गरीब होत्या. आत जात, खात, बाहेर येत. चौथीला सगळे मानकरीण म्हणत.

मानकरीण पेटीत एकटी खात नसे. पहिल्या वेळी तिनं पत्र्याला लाथा घालून पोचे पाडले, चाऱ्याला तोंड लावलं नाही आणि हंबरून हंबरून सगळं आवार डोक्यावर घेतलं. तेव्हा ताई सहज म्हणून काचेसमोर खुर्ची टाकून बसली. ताई म्हणजे तिथली तंत्रसहायक. चाऱ्याचे नमुने दळणं आणि यंत्राच्या नळ्या-गाळण्या सांभाळणं हे तिचं काम. हातात वर्तमानपत्र होतं, ते तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. आतबाहेर आवाज पोचावा म्हणून काचेजवळ छोटा स्पीकर होता. बाजारभाव संपून खेळाच्या पानावर येईपर्यंत मानकरणीनं गव्हाणीत तोंड घातलं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि घोंगडं ताईच्या गळ्यात पडलं ते कायमचंच.

तेव्हापासून मानकरीण पेटीत म्हणजे ताई खुर्चीत. ताईनं जेवायला जायचं ते गाय रवंथ करत असताना, पळत. खोलीला खिडकी नव्हती. यंत्राची घरघर, कडब्याचा वास आणि काचेपलीकडून रोखलेले दोन मोठे डोळे. आत गाय कोंडलेली, बाहेर ताई कोंडलेली. फरक एवढाच, की गाईचं खाल्लेलं अंगी लागत होतं.

ताईचं घर शहरात होतं. नवरा, सासूबाई आणि शाळेच्या शेवटच्या वर्गांत पोचलेली मुलगी. ती केंद्राच्या आवारातल्या एका खोलीत एकटी राहायची आणि महिन्यातून एकदा घरी जायची. दरवर्षी ती शहरातल्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत बदली मागायची आणि दरवर्षी अर्ज कुठेतरी मुरायचा. यंदा मात्र बदली खरोखर झाली. एकच अट होती, पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त करावं. पर्यायी व्यवस्था म्हणजे दुसरी तंत्रसहायक नव्हे, तशा पुष्कळ होत्या. मानकरीण जिच्यासमोर खाईल अशी बाई हवी होती.

"ताई, मी तुम्हाला अडवत नाहीये," डॉक्टरसाहेब म्हणाले. ते पशुआहाराचे शास्त्रज्ञ. माणूस देवासारखा, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. "पण ही गाय गेली की माझी चाचणी गेली. दोन हंगामांचं काम आहे. तुम्हीच कोणाला तरी तयार करा."

ताईनं कोंबड्यांच्या विभागातून एक बाई मागून घेतली. बोलणं कमी म्हणून तिला सगळे अबोली म्हणत. आता जिच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नाहीत तिला गाईपुढे पेपर वाचायला बसवायचं, म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण अबोली कष्टाळू होती. ती ताईचा जुना कोट घालून बसे आणि अडखळत, एकेक ओळ बोटानं धरत वाचे. ताई आधी शेजारी बसायची, मग जरा मागे, मग दाराशी. गाय मान वळवून तिला शोधायची आणि हंबरायची.

या दिवसांत ताई रोज संध्याकाळी घरी फोन करायची.

"होतंय का काही?" नवरा विचारायचा.

"बघू. आज दोन घास खाल्ले. तिकडे कसं चाललंय?"

"मस्त. आमचं काही अडत नाही. तू आमची काळजी करू नको."

हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलेलं असायचं, आणि नेमकं हेच ताईच्या काळजात रुतायचं. मागच्या खेपेला ती घरी गेली तेव्हा मिठाच्या डब्यात तिला चहाची पावडर सापडली होती. ती डबे नीट लावायला उठली तर सासूबाई म्हणाल्या, "तू बस गं, चार दिवस आलीयेस." मुलीनं चहा आणून हातात दिला आणि ताईनं तो पाहुणीसारखा, आभार मानत प्यायला. परतीच्या बसमध्ये तिला रडू आलं. आपण जन्मभर ज्यांच्याकडे जायची वाट बघतोय त्यांना आपली सवय राहिली नाही, असं तिच्या मनानं घेतलं. हे ती कोणाशी बोलली नाही.

मग एके दिवशी मानकरीण खायला लागली.

सकाळची वेळ होती. ताई खोलीच्या कोपऱ्यात, वायूच्या टाक्यांआड उभी होती, गाईला दिसणार नाही अशी. अबोली पावसाच्या अंदाजाची बातमी वाचत होती. स्पीकरमधून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग कडबा मोडल्याचा आवाज. कट्, कट्, कट्. मानकरीण खात होती. दोन घास नव्हे, चांगली पोटभर. तिनं एकदाही मान वळवली नाही. अबोलीनं वाचता वाचता पान उलटलं तरी गाय दचकली नाही.

ताईला आनंद व्हायला हवा होता. बदली हातात होती, घर दिसत होतं. पण तिला आनंद झाला नाही. एवढे दिवस जिच्यासाठी ताटावरून उठले, तापात सुद्धा बसले, तिला एका जुन्या कोटावर नि अडखळत वाचलेल्या बातमीवर भागतं. म्हणजे तिथे काही अडत नाही आणि इथेही नाही. मग मी आहे कुठे?

काचेच्या डाव्या कडेला एक दाबमापक बसवलेला होता. त्यातले आकडे संगणकावर आपोआप उतरत, तो उठून बघायची कधी कोणाला गरज पडली नव्हती. ताई तो बघायला गेली.

टाक्यांआडून ती चालत पुढे आली आणि दाबमापकासमोर उभी राहिली. अबोलीचं डोकं वर्तमानपत्रात होतं. मानकरणीनं तोंड वर केलं. अर्धवट चावलेलं ताट तिच्या ओठाबाहेर लोंबत होतं. तिनं ताईकडे पाहिलं, कान पुढे केले आणि ताट खाली टाकलं. ताई जशी आली तशी मागे गेली. मग गाय हंबरली, गव्हाणीला डोक्यानं धडक दिली आणि लाथा झाडायला लागली.

डॉक्टरसाहेब धावत आले. "काय झालं? आत्ता तर खात होती."

अबोली घाबरून उभी राहिली होती. "काय माहीत, साहेब. माझंच वाचताना काहीतरी चुकलं असेल."

ताई टाकीवरचा आकडा बघत राहिली.

"ताई, तुम्ही बसा जरा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

ताई बसली. चार ओळी वाचल्या आणि मानकरीण शांतपणे खाऊ लागली. ताईला जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. तिला फार बरं वाटलं. ते सुख दुपारपर्यंत टिकलं. दुपारी डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की बदली रद्द करावी लागतेय, वरिष्ठांशी बोलणं झालंय, शहरातली जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. "मला खरंच वाईट वाटतंय," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

संध्याकाळी तिनं घरी फोन केला. "अडकले हो. गाय नाही ऐकत," एवढंच बोलली. नवरा "बरं" म्हणाला. फोन सासूबाईंनी घेतला.

"म्हणजे येत नाहीस?"

"नाही."

"पोरीनं सगळं स्वयंपाकघर रिकामं करून तुझ्या पद्धतीनं लावलं गं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता सांगते तुला. तुझ्या नवऱ्याला भातापलीकडे काही येत नाही. आम्ही खानावळीचा डबा खातो. पोरगी रोज संध्याकाळी तोंड पाडून बसते. मीच सगळ्यांना दम दिला होता, तिला रडगाणी ऐकवायची नाहीत, ती तिथे एकटी आहे, तिच्या जिवाला घोर लावू नका म्हणून."

"तिला द्या ना फोन," ताई म्हणाली.

"ती तोंड धुतेय," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून धुतेय."

सकाळी ताई डॉक्टरसाहेबांच्या दारात त्यांच्याआधी हजर होती. ते कुलूप काढत असतानाच तिनं सांगून टाकलं. "साहेब, काल गाय बिघडली नाही, मी बिघडवली. ती नीट खात होती. मी मुद्दाम काचेसमोर गेले. अबोलीची काही चूक नाही."

डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हळूच हसले. "घरी फोन झाला वाटतं."

"साहेब, मी खरं सांगतेय."

"तुम्ही? ताई, तापात फणफणत असताना तुम्ही त्या खुर्चीवरून उठला नव्हतात. तुम्ही चाचणी बिघडवाल? घरच्यांसाठी माणूस स्वतःवर आळ घेतो, मला समजतं ते. मीही बापच आहे."

चांगुलपणानं केलेली नोकरी अशी आडवी येते. ताई लबाड असती तर तिचं खरं मानलं गेलं असतं.

"मग आज पुन्हा बघा," ती हात जोडून म्हणाली. "मी इथे थांबतच नाही. अबोलीला बसवा. गाईनं खाल्लं तर मला सोडा."

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, विचार केला. "ठीक आहे. जागा अजून भरलेली नाही. दुपारपर्यंत थांबा म्हणून कळवतो त्यांना. पण हे शेवटचं."

ताई आवार ओलांडून पार फाटकापर्यंत गेली आणि वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसली. कडब्यानं लादलेली एक गाडी काट्यावर चढली, उतरली. काट्यावरच्या माणसानं चहा विचारला, तिनं नको म्हटलं. खा गं बाई, ती मनात म्हणत होती. विसर मला. मी तुझी कोणी नाही. आजवर तिनं गाईसाठी पुष्कळ काही मागितलं होतं, पण तिनं आपल्याला विसरावं असं मागायची वेळ पहिलीच. मुलगी एव्हाना शाळेत गेली असेल, सुजल्या डोळ्यांनी.

निरोप आला तेव्हा ती जवळजवळ धावतच गेली.

खोलीत यंत्राची घरघर चालू होती. अबोली खुर्चीत बसली होती आणि तिचा घसा बसला होता. "सगळं वाचलं, ताई," ती म्हणाली. "जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत."

गव्हाण सकाळी भरली तशी भरलेली होती. मानकरीण आज लाथा झाडत नव्हती की हंबरत नव्हती. नुसती उभी होती, मान काचेच्या डाव्या कडेकडे वळवून.

"आज सारखी तिकडेच बघतेय," अबोली म्हणाली. "त्या काट्याच्या तबकडीकडे. तिथे काय आहे, साहेब?"

"काही नाही. दाबमापक आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. मग ताईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बघितलंत ना? उगाच स्वतःला दोष देत होतात. तुम्ही काही बिघडवलं नाही. ती आहेच तशी."

ताईनं काचेच्या डाव्या कडेकडे पाहिलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. आता पुन्हा सांगितलं असतं तर अबोलीनंही मानलं नसतं.

अबोलीनं उठून कोट काढला, नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि वर्तमानपत्र ताईच्या हातात दिलं. ताई बसली. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. मानकरणीनं लगेच गव्हाणीत तोंड घातलं, आणि डॉक्टरसाहेब समाधानानं वरिष्ठांना फोन करायला निघून गेले.