लोक जिथून आत येतात

“नंबर काढलाय म्हणलं ना! किती वेळा सांगू? वेबसाइट माझी हाय का तुझी?”

गोरक्षभाऊंनी लॅपटॉप गर्रकन संघर्षच्या तोंडापुढं फिरवला. टेबलावरचा चहाचा कप कलंडणारच होता, तो पुनमनं पटकन धरला.

“हे बघ होमपेज. हे बघ कॉन्टॅक्टचं पान. दिसतोय का तुझ्या भयनीचा नंबर? डोळे हायेत ना?”

“डोळे आहेत म्हणूनच आलोय,” संघर्ष म्हणाला. “मग रोज पोरं तिला फोन लावतात ते कुठनं? स्वप्नात दिसतो का नंबर?”

भिंतीकडंच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चार-पाच पोरं मांडीवर बॅगा घेऊन बसली होती. फॉर्म भरत असल्यासारखी माना खाली, पण पेनं थांबलेली. सगळी कान देऊन ऐकत होती.

तळवड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या गाळ्यातलं हे ऑफिस. चाकणच्या कंपन्यांना कंत्राटावर पोरं पुरवायची, हा गोरक्षभाऊंचा धंदा. संघर्षची मोठी बहीण मिनल इथं कामाला होती. फोन घ्यायचे, वेबसाइटवर भरतीच्या जाहिराती टाकायच्या, आलेल्या पोरांना कंपनीच्या गेटपर्यंत पोचवायचं, सगळं तीच बघायची. दिवाळीच्या आधी तिनं काम सोडलं. तिच्या जागी पुनम आली, चाकणजवळच्या गावातली. पण फोन काही पुनमला आले नाहीत. ते दापोडीला, मिनलच्या घरीच येत राहिले.

सकाळी भाकरी थापताना फोन. बसमध्ये फोन. “हॅलो, मिनल मॅडम का? जागा हाय का ओ?” परभणीचे, हिंगोलीचे, बिहारचे, कुठले कुठले. बरेचसे बिचारे खरंच कामासाठी करायचे. पण काही जण जागेचं सोडून भलतंच विचारायचे. आवाज किती गोड आहे, लग्न झालंय का, रूमवर एकटी राहता का. वडील भिवा टीव्हीचा आवाज कमी करून नुसते बघत बसायचे. बोलायचे काही नाहीत, आणि मिनलला तेच जास्त लागायचं.

नंबर बदल म्हणणं सोपं होतं. चाकणच्या एका चांगल्या कंपनीत मिनलनं इंटरव्ह्यू दिला होता आणि दुसऱ्या फेरीचा फोन याच नंबरवर यायचा होता. त्यामुळं अनोळखी नंबर दिसला की उचलावाच लागायचा. परवा ती अंघोळीला गेली असताना फोन वाजला. संघर्षनं उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, “मिनल यांचा नंबर ना हा?” संघर्षचं डोकं आधीच फिरलेलं. त्यानं त्या माणसाला आईवरून सुरुवात करून पार गावापर्यंत नेलं आणि मग फोन आपटला.

तो माणूस नेमका कंपनीचा होता.

मिनलनं रडत रडत मेल केला, माफी मागितली. आज दिवसभरात परत फोन करू, असं उत्तर आलं. तेव्हापासून ती संघर्षशी धड बोलली नव्हती. म्हणून तो कुणाला न सांगता बस पकडून इथं आला होता. आजच्या आज तो नंबर जिथं कुठं असेल तिथून निघायला पाहिजे होता. नाहीतर कंपनीवाल्याला परत लाइन बिझी लागायची, आणि तो काही तिसऱ्यांदा फोन करणार नव्हता.

“भाऊ,” पुनम हळूच म्हणाली, “ॲनालिटिक्समधी बघू का? लोक कुठलं पान बघत्यात ते कळतंय त्यात.”

“बघ, बघ. ह्याचं समाधान होऊ दे.”

पुनमनं रिपोर्ट उघडला. सगळ्यात वर होमपेज, त्याखाली कॉन्टॅक्टचं पान. गोरक्षभाऊंनी टेबलावर थाप मारली. “बघ! लोक येत्यात होमपेजला. होमपेजवर न्हाई तिचा नंबर. संपलं?”

संघर्षला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं स्क्रीनचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. फोन लावून उपयोग नव्हता, तो लागायचाच नाही. थोड्या वेळानं तिची व्हॉइस नोट आली. कानाला लावायचं सुचलं नाही, स्पीकरवरच वाजली.

“संघ्या, तू तिथं गेलास? तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपण? घरी ये, मग बघते तुला.” मोठा श्वास. “आता गेलायसच तर ऐक. हा रिपोर्ट नको. कुठलं पान जास्त वेळा उघडलं तेवढंच यात दिसतं. होमपेज तर भाऊच दिवसभर उघडून बघत बसतात! बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा कुठल्या पानावर येऊन पडतो, ते बघायचं. लँडिंग पेजचा रिपोर्ट. गूगलवरून येणारा थेट आतल्याच पानावर येतो, होमपेजचं तोंडही बघत नाही.”

खुर्चीवरचं एक पोरगं फिसकन हसलं. गोरक्षभाऊंनी त्याच्याकडं बघितलं तसं ते परत फॉर्ममध्ये घुसलं.

पुनमनं डावीकडची यादी वर-खाली केली. लँडिंग पेज कुठंच नव्हतं. दुसरी नोट आली.

“नसेल दिसत तर कुणीतरी यादीतून काढलाय. परत लावता येतो. डावीकडं एकदम खाली लायब्ररी म्हणून आहे, तिथं जा आणि तो रिपोर्ट उचलून—”

नोट तिथंच तुटली. मध्येच कुणाचातरी फोन आला असणार. संघर्षनं दात चावले.

“लायब्ररी नाही इथं,” पुनम म्हणाली. “माझ्या लॉगिनला नुसतं बघायचीच परवानगी हाय. बदलायचं असलं तर भाऊंचंच लॉगिन लागंल.”

“मला पासवर्ड आठवत न्हाई,” गोरक्षभाऊ छताकडं बघत म्हणाले.

संघर्षनं एक रिकामी खुर्ची ओढली आणि बरोबर दारात टाकून बसला. “हरकत नाही भाऊ. आठवेपर्यंत बसतो इथंच. येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो, मिनल मॅडम कधीच गेल्या, तुम्हाला गंडवायला नाव ठेवलंय.”

“ए, लई बोलायला लागलास तू!”

“तुम्ही म्हणाल तर बोलणं बंद करतो. पासवर्ड टाका.”

गोरक्षभाऊंची मान लाल झाली. सोन्याची चेन शर्टात सारत ते उठले. पण पोरं बघत होती, आणि बाहेर पोरं आणून सोडणारी रिक्षा येऊन उभी राहिली होती. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला, पुनमला पाठ फिरवायला लावली आणि दोन बोटांनी पासवर्ड टाकला. लगेच आठवला की!

आता लायब्ररी दिसली. पुनम हुशार होती, नोटेत राहिलेलं तिनं अंदाजानं पूर्ण केलं. उजवीकडच्या ढिगातून लँडिंग पेज उचललं, डावीकडच्या यादीत आणून सोडलं, सेव्ह केलं. यादीत नवी ओळ आली. तिनं ती उघडली.

होमपेज पहिलं नव्हतं. ते नुसत्या एका तिरक्या रेघेनं दाखवतात, आणि ती रेघ पार खाली होती. सगळ्यात वर एक लांबलचक पत्ता. इंग्रजी अक्षरांत चाकण, आयटीआय, भरती, राहणं, खाणं असलं सगळं एकात एक गुंफलेलं.

“हे कुठलं पान?” पुनम म्हणाली. “मी कधी बघितलं पण न्हाई.”

गोरक्षभाऊ वाकले. त्यांनाही माहीत नव्हतं.

तिसरी नोट आली. मिनल आता घाईघाईनं बोलत होती. “वर उजवीकडं पेन्सिल आहे, ती दाब. रिपोर्ट आपल्याला पाहिजे तसा करता येतो. त्यात फोनचं बटण दाबल्याचा रकाना जोड. कुणी पानावरून कॉल दाबला की मोजायचं, ते मीच लावून ठेवलं होतं. म्हणजे नुसतं आत कुठून आले नाही, आत येऊन फोन कुठून केला तेही दिसेल. मी कितीतरी पानं बनवलीत तिथं, मला सगळी कुठं आठवतायत.”

पुनमनं पेन्सिल दाबली, रकाना जोडला. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि आकडे आले. फोनांच्या रकान्यात बहुतेक ओळींपुढं शून्य होतं. सगळ्यात वरच्या त्या ओळीपुढं मात्र आकडा असा फुगलेला होता की पुनमच्या तोंडून “अगं बाई” निघालं.

तिनं ते पान उघडलं.

मिनलनं इथं नवीन असताना टाकलेली जाहिरात. ती भरती कधीच संपलेली, ती कंपनीही आता यांच्याकडून पोरं घेत नव्हती. पण पान जागच्या जागी होतं. होमपेजवरून तिथं जायला वाट नव्हती, म्हणून ऑफिसातल्या कुणाच्या नजरेला ते पडलं नव्हतं. गूगल मात्र रोज पोरं आणून तिथं सोडत होतं. ‘थेट जॉइनिंग. राहणं-खाणं मोफत. आजच फोन करा.’ खाली हसऱ्या पोरीचा कुठून तरी उचललेला फोटो. त्याखाली ‘एचआर मिनल मॅडम’, आणि हिरवं बटण.

संघर्षनं दारातूनच मान लांब करून बटणावरचा नंबर वाचला. घरातल्या सगळ्यांना पाठ असलेला नंबर.

“सापडलं,” तो म्हणाला. “उडवा हे पान.”

गोरक्षभाऊंनी चष्मा लावला आणि आकडे परत बघितले, बोट स्क्रीनला टेकवून. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. खरंखुरं हसू, सकाळपासूनचं पहिलं.

“उडवू? येडा का खुळा? आरं, हे पान म्हंजी आपलं मेन गेट हाय! इतकी पोरं येत्यात आन् मला पत्ताच न्हाई. सगळी तुझ्या भयनीकडं जाऊन वाया चाललीत.” ते पुनमकडं वळले. “पुनम, तो नंबर काढ तिथला. तुझा टाक.”

पुनमचा हात माउसवरच राहिला. “माझा… माझा घरचा नंबर हाय भाऊ.”

“मग काय झालं? नाव न्हाई टाकायचं तुझं. नाव मिनल मॅडमच राहू दे, चालू झालेलं नाव हाय. नुसता नंबर तुझा.”

“तुमचा टाका की,” संघर्ष म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “मेन गेट तुमचं, फोन पण तुम्हीच घ्या.”

गोरक्षभाऊ हसले. “बाप्याचं नाव बघून कोण फोन करतंय रे बाळा? पोरगी उचलती म्हणलं की पोरं येत्यात. सगळ्याच ऑफिसात असंच हाय. तुझ्या भयनीला न्हवतं का म्हाईत?”

संघर्ष खुर्ची मागं सारून उठला. खुर्ची आडवी पडली. त्याची मूठ वळली होती, आणि खुर्च्यांवरच्या पोरांनी बॅगा पोटाशी धरल्या होत्या.

गोरक्षभाऊ जागचे हलले नाहीत. थंडपणे म्हणाले, “तुझ्या भयनीचा नंबर निघतोय ना? का ऱ्हाऊ दे? सांग. ऱ्हाऊ दे म्हणलास तर आहे तसंच ठेवतो.”

पंखा घरघरत होता. संघर्षला परवा रात्री उशीत तोंड खुपसून पडलेली ताई दिसली. त्याची मूठ सुटली. त्यानं वाकून खुर्ची सरळ केली.

पुनमनं त्याच्याकडं बघितलं. तो काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. मग तिनं मान वळवली, जुना नंबर एक एक आकडा करत मागं खोडला आणि आपला घातला. तिची नखं आखूड कुरतडलेली होती. शेवटचा आकडा टाकायच्या आधी ती जरा थांबली. मग टाकला. सेव्ह.

गोरक्षभाऊ खुशीत आले. चहा मागवला, पोरांना पण आणि संघर्षला पण. “घे रे. भांडण इसरायचं. तुझ्यामुळं कामाचं काहीतरी घावलं बघ. मिनलला सांग, भाऊंनी इचारलंय म्हणून.” संघर्षनं कप घेतला. नको म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, तरी घेतला. चहा गार होऊन वर साय धरेपर्यंत तो हातातच राहिला. पुनम फॉर्मवर शिक्के मारत होती. तिचा फोन, कोपरा तुटलेल्या गुलाबी कव्हरातला, टेबलावर पालथा पडलेला होता. संघर्षचे डोळे सारखे त्या फोनावर जात होते.

आणि त्याचा स्वतःचा वाजला. ताई. नोट नाही, फोन!

“संघ्या!” मिनलचा आवाज कितीतरी दिवसांनी असा आला होता, हसू दाबलेला. “आला रे! कंपनीचा फोन आला! सोमवारी बोलावलंय. मी तुझ्या वतीनं माफी मागितली तर तो माणूस म्हणाला, तुमच्या भावाचा आवाज खणखणीत आहे, सेक्युरिटीत घालू का त्याला. ऐकतोयस ना? नवीन फोन बंदच झालेत बघ. जुन्यांपैकी एखादा येतो, तेवढंच.”

“हं.”

“हं काय? कसं काय केलंस? भाऊ तयार झाले पान काढायला?”

टेबलावर गुलाबी कव्हर थरथरलं. पुनमनं शिक्का खाली ठेवला. फोन उलटा करून नंबर बघितला, मग गोरक्षभाऊंकडं बघितलं. त्यांनी हनुवटीनं खूण केली, उचल. तिनं उचलला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की संघर्षला दारापर्यंत ऐकू आला.

“हॅलो! मिनल मॅडम का?”

पुनम संघर्षकडं बघत होती. सरळ, पापणी न हलवता.

“मॅडम? आवाज तरी ऐकवा की!”

“व्हय,” पुनम म्हणाली. “बोला.”

“संघ्या?” मिनल कानात विचारत होती. “पान काढलं का नुसता नंबर बदलला? कुणाचा टाकला रे?”

संघर्षनं भरलेला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“ताई, फोन ठेव. मला निघायचंय आता.”