दोन वाटांवरचे आडनाव

मी एक जुने आडनाव आहे, मित्रांनो. लाहुरकाद म्हणतात मला. तुम्ही म्हणाल, आडनावाचे कसले आले आत्मवृत्त? पण तुमच्या वहीत छत्री बोलते, खुर्ची बोलते, फाटके पुस्तकसुद्धा आपली कर्मकहाणी सांगते, मग मीच काय घोडे मारले? मला हात नाहीत, पाय नाहीत. मी माणसांच्या तोंडात राहतो. कुणी हाक मारली की जागा होतो आणि कुणी ओ दिली की माझे पोट भरते.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, फ्रान्समधल्या बेआर्न प्रांताच्या एका खोऱ्यात माझा जन्म झाला. त्या काळी गावात कुणालाच आडनाव नव्हते. निम्मे पुरुष जाँ आणि उरलेले प्येर. 'जाँ' अशी हाक मारली की बाजारातल्या निम्म्या माना वळायच्या. त्यातल्या एका जाँने, जिथे वाट दुभंगते आणि एक वर कुरणांकडे तर दुसरी खाली शहराकडे जाते, नेमके त्या ठिकाणी नदीतले गोटे रचून घर बांधले. अशा जागेला आमच्या बोलीत लाहुरकाद म्हणतात. लोक त्याला 'लाहुरकादचा जाँ' म्हणू लागले. म्हणजे मी आधी जागेचा झालो, मग घराचा, आणि माणसाच्या वाट्याला आलो तो सर्वांत शेवटी.

म्हणूनच आमच्याकडे घराला माणसाचे नाव देत नाहीत, माणसाला घराचे देतात. घर थोरल्या मुलाकडे जायचे, नाहीतर थोरल्या मुलीकडे. थोरली मुलगी असली की जावई नांदायला यायचा, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच गावाच्या लेखी त्याचे आडनाव बदलायचे. घरजावयाचे नशीब सगळ्या देशांत सारखेच. गिल्हेम नावाच्या एका जावयाला मद्यशाळेत कायम ऐकावे लागे, "मेंढरं सासऱ्याची, सूप सासूचं, नाव बायकोचं. तुझं स्वतःचं काय रे, मिशा?" लग्नाच्या दिवशी हा गिल्हेम उंबऱ्यावर क्षणभर थबकला होता. त्याचे जुने आडनाव त्याच्यासोबत दारापर्यंत आले आणि बाहेरच राहिले. पुढे ते कुणी उच्चारल्याचे मी ऐकले नाही. मला त्या आडनावाची अजून आठवण येते.

पुढे पॅरिसमध्ये कायदे झाले, मुलांना बापाचेच आडनाव लागू लागले. माझे नशीब चांगले म्हणून त्या सुमारास घरात मुलगे होते, आणि मी कागदावरही टिकलो. ते माझे सुखाचे दिवस. आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर माझे पहिले अक्षर लाल रंगात असायचे. बाजारात बायका म्हणायच्या, "लाहुरकादचं चीज आहे ना? मग वास कशाला घ्यायचा, बांध." अशी दाद मिळाली की मी फुगून जायचो.

पण घर दोन वाटांवर होते ना. थोरला वरच्या वाटेने मेंढ्या घेऊन जायचा आणि धाकटी भावंडे खालच्या वाटेने जायची, ती परत यायची नाहीत. कित्येक जण बोर्दोहून जहाजात बसून आर्जेंटिनाला गेले. तिकडे मला आता इतक्या वेगळ्या सुरात उच्चारतात म्हणे, की समोर आलो तर मीच मला ओळखणार नाही. मग पहिले महायुद्ध आले आणि घरातले तीन तरुण त्याच वाटेने उतरले. ऑगस्तँ, लेओ आणि लहानगा सिल्व्हँ. चौकातल्या स्मारकाच्या दगडावर मी तीनदा कोरलेला आहे. दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, ते युद्ध थांबले त्या दिवशी, सरपंच एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक नावाला सगळे गाव एका आवाजात उत्तर देते, "फ्रान्ससाठी मेला."

तुम्हीच विचार करा, मित्रांनो. भर चौकात आपल्या नावाचा पुकारा व्हावा, आपण आशेने कान टवकारावेत आणि उत्तर यावे, मेला.

हळूहळू माझ्या हाकेला ओ देणारे एकच माणूस उरले. नोएली लाहुरकाद. तिने लग्न केले नाही. मेंढ्या सांभाळल्या, चीज केले आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ओलोरों या जवळच्या शहरातल्या वृद्धाश्रमात जायचे ठरवले. भाच्याला ते घर सुट्टीत येणाऱ्या शहरी लोकांना विकायचे होते. नोएलीने त्याला दारातूनच वाटेला लावले. "अकरा महिने खिडक्या बंद ठेवणारी माणसं मला नकोत. ज्याच्याकडं मेंढ्या असतील त्यालाच घर मिळेल." अशा रीतीने घर भाड्याने गेले सोलेनकडे. पस्तिशीची, एकटी, मेंढ्या आणि कुत्रे घेऊन दूर समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांतातून आलेली.

इथे मला तुम्हाला शेजारपणाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक घराला एक 'पहिला शेजारी' असतो. लग्नात वऱ्हाडाच्या पुढे तो, आणि मयतात क्रूस धरून शवपेटीच्या पुढेही तोच. सख्खे नातलग त्याच्या मागून चालतात. हे नाते घराचे घराशी असते, आत कोण राहते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आमचा पहिला शेजारी म्हणजे पेरेंचे घर, आणि पेरेंचे पहिले शेजारी आम्ही. त्या घरात म्हातारा रेमों पेरे आणि त्याची बायको जॉर्जेत राहायची.

सोलेन आली त्याच दिवशी जॉर्जेत कोबी-घेवड्याच्या सुपाचे पातेले घेऊन फाटकाशी उभी राहिली आणि ओरडली, "लाहुरकाद! अगं ए लाहुरकाद, दार उघड, हात भाजतायत."

मी किती मोहरलो म्हणून सांगू. पण सोलेन दार उघडून म्हणाली, "इथं त्या नावाचं कुणी नाही. मी केरमारेक."

"असशील," जॉर्जेत म्हणाली. "पातेलं धर आधी."

रेमोंही तिला माझ्याच नावाने हाक मारायचा. ती दरवेळी दुरुस्त करायची, तो दरवेळी मान डोलावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी तो वृद्धाश्रमात गेला की नोएलीचा एकच प्रश्न असायचा, "घरातून कुणी ओ देतं का रे?"

"अजून नाही."

"बरं. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, शाळेपासून बघतेय."

तिला मरणाची भीती नव्हती. तिला फक्त एवढे कळायला हवे होते, की तिच्यामागे त्या दारातून कुणी तरी माझ्या हाकेला उत्तर देईल. तिच्याइतकीच मलाही ती आस होती.

उन्हाळा सरता सरता सोलेनचा संयम सुटला. दारावर नव्या पाटीचा शेवटचा खिळा ठोकताना रेमोंची नेहमीची हाक आली, आणि ती हातोडी हातात तशीच धरून वळली. "अहो पेरे, किती वेळा सांगू? माझे वडील गेले मार्चमध्ये. होडी बँकेनं नेली, घर भावाकडं गेलं. त्यांचं म्हणून मला हे एक नाव मिळालंय. ते तरी राहू द्या."

रेमोंने टोपी काढली. "चुकलो, बाई. पुन्हा नाही म्हणणार."

आणि त्याने शब्द पाळला. त्या दिवसापासून तो तिला मादाम केरमारेक म्हणू लागला. रविवारी नोएलीने विचारल्यावर म्हणाला, "ओ नाही, आणि मी आता हाकही मारत नाही. बापाचं नाव आहे तिचं. शब्द दिलाय मी."

"मग ठीक केलंस," नोएली म्हणाली.

ठीकच होते ते. मला राग आला नाही. दारावरचे ते केरमारेक पाहिले की मला उंबऱ्याबाहेर राहिलेले गिल्हेमचे आडनाव आठवायचे. पण मित्रांनो, मुके होणे काय असते ते मला त्या पावसाळी शरदात कळले. नोव्हेंबरात चौकात पुकारा झाला. तीनदा मी उठलो आणि तीनदा उत्तर आले, मेला. सोलेन गर्दीच्या मागे उभी राहून ऐकत होती.

एक जॉर्जेत तेवढी बधली नाही. "शब्द नवऱ्यानं दिलाय, मी नाही," असे म्हणत ती मला उच्चारायची. हिवाळ्यात तिने अंथरूण धरले. सोलेन रोज संध्याकाळी दूध घेऊन तिच्याजवळ बसायची, आणि आजाऱ्याशी काय वाद घालायचा म्हणून तिला दुरुस्त करत नसे.

"लाहुरकाद, जेवत जा गं चांगली," जॉर्जेत एकदा म्हणाली. "माझ्यापुढं क्रूस तुलाच धरायचाय. ओकचा आहे, जड. रेमों मागणार नाही तुझ्याकडं, त्याची मान फार ताठ. मी आपली आधीच सांगून ठेवते."

"गप्प बसा हो," सोलेन म्हणाली. "वसंतात माझ्याबरोबर कुरणात यायचंय तुम्हाला."

वसंत यायच्या आत जॉर्जेत गेली.

मयताच्या दिवशी सगळे गाव चर्चच्या पायऱ्यांवर जमले. शवपेटी तयार होती आणि क्रूस भिंतीला टेकून उभा होता. तो धरणाऱ्याला घराच्या नावानेच हाक मारून बोलवायची रीत, आणि सोलेन कुठे दिसत नव्हती. रेमोंचा चुलतभाऊ पुढे झाला, "मी घेतो."

"राहू दे," रेमों म्हणाला. "पहिला शेजारी उसना आणत नाहीत."

"मग मार की हाक तुझ्या शेजारणीला."

"नाही मारणार. मी शब्द दिलाय."

लोक खाली बघू लागले. पेरेंच्या घरची पेटी क्रूसाशिवाय निघणार, असे त्या खोऱ्यात कुणी पाहिले नव्हते. शेवटी चर्चचा म्हातारा घंटावाला, ज्याने कुणालाच काही शब्द दिला नव्हता, त्याने गर्दीकडे तोंड करून विचारले, "लाहुरकाद आहे का कुणी?"

मी तिथे उभा होतो, मित्रांनो, त्या हाकेत. इतक्या वर्षांच्या सवयीने मला उत्तर ठाऊक होते.

"आले," मागून आवाज आला.

गर्दी बाजूला झाली. सोलेन काळा कोट घालून धापा टाकत आली. रात्रीपासून मेंढी अडली होती, बुटांना गोठ्याचे शेण तसेच होते. तिने क्रूस उचलला, रेमोंच्या डोळ्यांत एकदा पाहिले आणि चालू लागली. सगळे गाव तिच्या मागून निघाले. मला आसवे असती तर मी रडलो असतो.

दफनानंतर ती रेमोंला म्हणाली, "आता मारत जा हाक. पाटीवर मात्र बापाचंच राहील."

"पाटीला कोण हाक मारतंय?" रेमों म्हणाला.

त्या रविवारी तो काळ्या कपड्यांतच नोएलीसमोर बसला. तिने त्याचा हात धरला. जॉर्जेतसाठी दोघेही रडले. मग तो म्हणाला, "ओ आली. सगळ्या गावासमोर."

नोएलीने त्याचे कान नीट निरखले. लाल नव्हते. "क्रूस सरळ धरला होता का तिनं?"

"डावीकडं कलला होता जरा."

"तुझा आजा गेला तेव्हा माझ्याही हातून कलला होता," नोएली म्हणाली आणि तिने डोळे मिटले. इतके शांत मी तिला कधी पाहिले नव्हते.

तुमचेही आडनाव कुठल्या तरी गावाचे असेल, कुणाच्या धंद्याचे, नाहीतर एखाद्या पणज्याच्या खोडीचे. ते कुठून आले हे घरातल्या मोठ्यांना विचारा, ते सांगायला आहेत तोवर. दारावरची पाटी पुसत जा, पण तेवढ्याने आमचे भागत नाही. कुणाला हाक मारायची ती मायेने मारा, आणि आपल्याला आली तर ओ द्यायला लाजू नका. आणि हो, दुसऱ्याचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवू नका. दारात दोघांना पुरेशी जागा असते, केरमारेकला विचारा.

नोएली चेरीला मोहर आला तेव्हा गेली. रीतीप्रमाणे तिच्यापुढे रेमोंने क्रूस धरला. कागदावर मी आता संपलो.

परवा पुन्हा अकरा नोव्हेंबर झाला. सरपंचांनी मला तीनदा पुकारले आणि तीनदा गावाने सांगितले, मेला. मग फुले वाहून झाली, वाइनचे टेबल मांडले गेले, आणि रेमों गर्दीतून ओरडला, "लाहुरकाद! अगं, ये लवकर, नाहीतर तुझाही ग्लास मीच पितो."

"आले," ती म्हणाली.