बॉनेट उघडलं की गप्प

शिन गिचोलच्या मते कोरियातल्या जेचन शहरात इंजिन ऐकू येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे तो स्वतः. बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू यायचा. औद्योगिक शाळेत मोटारींचा विषय शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. त्यामुळे त्याच्याच जुन्या करड्या गाडीने टकटक सुरू केली आणि ती कसली ते त्याला कळेना, तेव्हा त्याने कितीतरी दिवस कुणापाशी त्याचा उच्चार केला नाही.

पण टकटक लपून राहणारी नव्हती. सिग्नलला गाडी थांबली की टक्, टक्टक्, टक्. शेजारी बसलेली त्याची बायको सुनदोक म्हणायची, "बघा हो, दारावर कोण आलंय."

गाडीने वेग घेतला की आवाज बंद. एसी लावला की दुप्पट. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे बॉनेट उघडलं की साफ गप्प. गिचोलने बेल्ट बदलला, प्लग बदलले, इंजिनाखालची माउंटिंगची रबरंसुद्धा बदलली. टकटक आपली जागच्या जागी.

"आईंनी बांधलेला मासा राहू दिला असता तर ही पाळी आली नसती," सुनदोक एकदा म्हणाली.

"मासा काय इंजिन दुरुस्त करतो?"

"तुम्हीही कुठे करताय."

गाडी नवी कोरी घरी आली त्या दिवशीची ही गोष्ट. गिचोलच्या आईने अंगणात गाडीपुढे पाट मांडला, चारी चाकांवर तांदळाची दारू शिंपडली, आणि पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला, लाकडासारखा कडक सुकवलेला मासा बॉनेटखाली बांधला. रस्त्यातलं अरिष्ट माणसांऐवजी माशाने आ वासून गिळावं म्हणून सगळेच बांधायचे. गिचोलने सगळ्यांदेखत तो सोडवला. "इंजिन शिकवणाऱ्याच्या इंजिनात मासा," असं म्हणून त्याने तो शेजारच्या कुत्र्याला टाकला. आई फक्त "बरं" म्हणाली आणि पाट उचलून आत गेली. आता ती डोंगरावर, गिचोलच्या वडिलांशेजारी मातीत होती.

त्या डोंगरावर जायचे दिवस जवळ आले होते. पितरांना पूजायचा छुसॉकचा सण येण्याआधी थडग्यांवरचं गवत कापायचं असतं. सुनदोकने एका सकाळी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "रविवारपर्यंत तो आवाज गेला तर ठीक. नाहीतर गाडी भंगारात द्या. त्या चढावर मी ही टकटक ऐकत बसणार नाही. आपण जोंगपिलच्या गाडीतून जाऊ."

जोंगपिल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याने नुकतीच विजेवरची गाडी घेतली होती आणि तो ती दाखवायला रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने येत होता. आपल्या आईच्या थडग्याकडे जोंगपिलच्या गाडीत, मागच्या सीटवर, गवत कापायचं यंत्र मांडीवर घेऊन जायचं, या कल्पनेने गिचोलला जेवण गेलं नाही.

जोंगपिल त्या दिवशी आलाच. "दाजी, माझ्या गाडीला इंजिनच नाही. त्यामुळे कटकटही नाही."

"तुझ्या डोक्याचंही तसंच आहे," गिचोल म्हणाला.

जोंगपिलला असल्या बोलण्याने काही होत नसे. त्याने फोन काढून बंद बॉनेटवर धरला. टकटक ऐकून फोनने थोडा विचार केला. "पाण्याचा पंप," जोंगपिलने वाचून दाखवलं. "बहुतेक तोच, असं म्हणतोय."

"त्याला विचार, तुला भूक लागली आहे का. मग घरी जा."

शेवटी गिचोल दोगिलच्या गॅरेजमध्ये गेला. दोगिल त्याचा जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर झोपणारा आणि परीक्षेत क्लचच्या जागी ब्रेक काढणारा. असल्या माणसाकडे गाडी नेणं म्हणजे तोंडात मारून घेणंच होतं, पण रविवार जवळ आला होता. दोगिलने टकटक ऐकली. बॉनेट उघडलं, आवाज थांबला. बंद केलं, सुरू झाला. त्याचा चेहरा एकदम विचित्र झाला.

"सर, गाडी संध्याकाळपर्यंत इथे ठेवा. तुम्ही घरी जा."

"का?"

"तुम्ही उभे असलात की माझा हात थरथरतो."

"वर्गातही थरथरायचा. काय झालंय ते सांग आधी."

"ते बघूनच सांगतो. तुम्ही आत कॉफी घ्या ना सर. मी बॉनेट..."

पुढचं गिचोलने ऐकलं नाही. मालकाला कॉफी पाजून आत बसवायचं आणि चांगला पंप काढून दुसरा घालायचा, हे धंदे त्याला ठाऊक होते. तो गाडी घेऊन परतला. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला गाडी त्याला वाकुल्या दाखवत राहिली.

शनिवारी दुपारी तो अंगणात गाडीसमोर उकिडवा बसला होता. जोंगपिलचा निरोप येऊन गेला होता, की उद्या सकाळी मी येतो, दाजींनी तयार राहावं. गिचोलला आपला वर्ग आठवला. दरवर्षी पहिल्या दिवशी तो फळ्यावर एकच वाक्य लिहायचा. आवाज कधी येतो ते कुणीही सांगेल, तो कधी येत नाही ते सांगा. मग पोरांना पुनःपुन्हा विचारायचा, चिडायचा नाही, अगदी दोगिलवरसुद्धा. एक गोष्ट बदला, ऐका, मगच दुसरीला हात लावा.

कधी येत नाही? बॉनेट उघडं असताना. इतके दिवस त्याने हा अपमान समजला होता. ही तर माहिती होती.

"सुनदोक, गाडी चालू कर. एसी लाव."

तिने लावला. त्याने बॉनेट पूर्ण न मिटता पहिल्या खटक्यावर ठेवलं, बोटभर फट राहील असं. आतून टकटक आली, पण अगदी दबकी. त्याने तळहाताने बॉनेट खाली रेटलं. आवाज वाढला. हात काढला, कमी झाला.

म्हणजे वाजणारी वस्तू इंजिनात नव्हतीच. ती बॉनेटला होती.

त्याने बॉनेट उघडून टेकू लावला. इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणावर घासून गुळगुळीत झालेला एक ठिपका होता. तो त्याने यापूर्वी अनेकदा पाहिला होता आणि कुणाच्या तरी गचाळ फडक्याचा डाग म्हणून सोडून दिला होता. आता त्याने मान वर केली. इतकी वर्षं तो याच बॉनेटखाली उभा राहत आला होता आणि खालीच बघत आला होता. डोक्यावर बॉनेटला आतून जाड काळं अस्तर होतं. त्याचा एक कोपरा फाटला होता आणि त्यातून एक करडी, टणक शेपटी बाहेर आली होती.

त्याने अस्तराची क्लिप काढली. आत पिवळा पडलेला दोरा, आणि दोऱ्यात आ वासलेला मासा.

गाडी बंद करून सुनदोक खाली उतरली. मासा बघून ती तशीच आत वळली. दोगिलचा तो विचित्र चेहरा गिचोलला आता कळला, आणि त्याने दोगिलला फोन लावला.

"हा मासा कुणाचा?"

"आजींचा, सर. तुमच्या आईंचा. तुम्ही गाडी पंक्चरसाठी माझ्याकडे सोडून गेला होतात, तेव्हा त्या आल्या होत्या. तुम्ही आधीचा टाकून दिलात म्हणाल्या. म्हणून मी अस्तराच्या आत..."

"मला दिसला कसा नाही?"

"आजीच म्हणाल्या, वरच्या बाजूला बांध. तो कधी वर बघत नाही."

गिचोलने मासा तळहातावर घेतला. वजनच नव्हतं त्याला.

"दोरा कुणी बांधला?"

"मी, सर."

"ही गाठ आहे? याला गाठ म्हणतात? बुटाची नाडीसुद्धा कुणी अशी बांधत नाही. आणि क्लिप दुसऱ्याच गाडीची ठोकलीस, म्हणून अस्तर फाटलं."

"हो, सर."

"बरोबर मापाची काढून ठेव. येतोय मी." त्याने फोन ठेवला.

फाटकापाशी जोंगपिलची गाडी आवाज न करता येऊन थांबली. "सापडलं का दाजी? पंपच होता ना?"

"नाही."

"मग काय होतं?"

"तुला कळायचं नाही. उद्या येऊ नकोस, आम्ही आमच्या गाडीने जाणार आहोत."

सुनदोक आत जाऊन पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आली होती. त्याने ते तिच्या हातातून घेतलं, माशाला नवा दोरा गुंडाळला, बॉनेटच्या पत्र्यातल्या भोकातून ओवून पक्की गाठ मारली आणि ओढून बघितली. मग हात तसाच वर ठेवून थांबला.

"तोंड कुठल्या बाजूला असतं?" त्याने विचारलं.

"पुढे. रस्त्याकडे."

"माहीत आहे मला," गिचोल म्हणाला, आणि त्याने मासा फिरवला.