ओपलचा उरलेला जोड

महायुद्धाच्या दिवसांत रिचमंडच्या जहाजबांधणीच्या गोदीत व्हर्डेल प्रुइट आणि ओपल सटन जोडीनं वेल्डिंग करत. दोघी आर्कान्सातल्या कापसाच्या शेतांतून आलेल्या. इथं मालवाहू जहाजं भट्टीतल्या पावांसारखी भराभर निघत. एक पाण्यात सरकलं की त्याच जागी दुसऱ्याचा तळ पडायचा.

त्या सकाळी ओपल तळातल्या टाकीत उतरली. जाताना म्हणाली, "माझा जोड बघून शीक जरा. तुझा म्हणजे कोंबडी चिखलात नाचून गेल्यासारखा."

"तू आधी वर तर ये, मग शिकव," व्हर्डेल म्हणाली.

दुपारी जहाज पाण्यात सोडायचं होतं. शेजारच्या जहाजावर घाई होती, म्हणून कुणीतरी टाकीत हवा सोडणारी नळी काढून तिकडे नेली. आत धूर कोंडला. व्हर्डेलनं हाका मारल्या. उत्तर आलं नाही. माणसांनी ओपलला बाहेर काढलं तेव्हा ती गार पडली होती.

फोरमन क्रॉलीनं तिच्यावर ताडपत्री टाकली.

"थोडाच जोड राहिलाय, पोरी. तू पुरा कर."

"ती अजून इथंच पडलीय, साहेब."

"खाली बँडवाले येऊन उभे आहेत. माझा पोरगा तिकडे पॅसिफिकात लढतोय. जहाज थांबवू कसं?"

नळी परत जोडली गेली. व्हर्डेल आत उतरली. तिनं जोड पुरा केला. ती वर आली तोवर ओपलला नेलं होतं. जहाजाच्या नाकावर शुभारंभाची बाटली फुटली, जहाज सरकलं, लोकांनी टोप्या उडवल्या.

युद्ध संपल्यावर तेच जहाज पुढं लोकांना बघायला जतन करून ठेवलं गेलं. व्हर्डेल ते बघायला गेली तेव्हा तिला काठी लागत होती. डीट्स नावाचा म्हातारा खलाशी माहिती देत होता. जहाज किती झटपट बांधलं ते ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "खालच्या टाकीत एक बाई मेली होती. ओपल सटन."

डीट्सनं टोपी काढली. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई. आता मी सांगेन."

पुढची माणसं आली. व्हर्डेल कठड्याला टेकून ऐकत राहिली. डीट्सनं जहाज किती झटपट बांधलं ते सांगितलं. पुन्हा टाळ्या पडल्या. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सगळ्यांना घेऊन इंजिनाकडे निघाला.

ती मागोमाग जिना उतरली. शेजारच्या बाईला तिनं ओपलचं नाव सांगितलं. दाखवायला चालू ठेवलेल्या इंजिनाच्या घरघरीत त्या बाईला काही ऐकू आलं नाही. बाईनं नुसतीच हसून मान हलवली.