पेवातली हाडं

बैल पाटलाचा, आवार जयवंताबाईचं. सरकीची गाडी रिकामी करून वळवताना गोठ्यामागच्या कोपऱ्यात बैलाचा मागचा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला. चार जणांनी मिळून बैलाला कसंबसं वर ओढलं आणि पाहतात तर खाली जुनं पेव. त्या काळी वऱ्हाडात घरोघर पेवं असत. खोल खड्डा, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फळ्या टाकायच्या आणि वरून माती-शेणानं लिंपून घ्यायचं. पण जर्मनाशी लढाई चालली होती त्या सालांत कापसाला भाव आला, आणि अख्ख्या गावाला कापसाचं असं खूळ लागलं की ज्वारी पेरणारा माणूस म्हणजे मूर्ख ठरला. पेवं रिकामी पडली, लोक विसरून गेले. जयवंताबाईनंही हे पेव चौदा वर्षांत उघडलं नव्हतं. भरायचंच नाही ते उघडायचं कशाला? कोतवालानं कंदील धरून आत डोकावून पाहिलं आणि तो तसाच मागं सरला. तळाशी माणसाचा सांगाडा होता.

कोणाचा, हे जयवंताबाईला कोणी सांगायला नको होतं. तिचा नवरा सहदेव चौदा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडी घरातून गेला तो गेलाच. त्या दिवशी सकाळी पारावर त्याचं आणि तिच्या सख्ख्या भावाचं, देवीदासचं, भांडण झालं होतं. देवीदासच्या घरात दाणा नव्हता म्हणून तो बहिणीच्या गावी ज्वारी मागायला आला होता. सहदेवनं चार लोकांत त्याला भिकारी म्हटलं. सहदेवचं तोंडच तसं होतं, घडीत विस्तव, घडीत पाणी. देवीदासनं त्याची मान धरली आणि सगळ्या गावादेखत म्हणाला की तुला जिता ठेवणार नाही. बस्स, तेवढं पुरलं. सहदेव रात्री घरी आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंही नाही. तेव्हा जयवंताबाई स्वतः उठून ठाण्यावर गेली आणि भावाचं नाव सांगून आली. हो, पाठच्या भावाचं! रागानं तिच्या डोळ्यांवर पट्टीच बांधली होती म्हणा ना.

देवीदासला पकडून नेलं, महिनोन् महिने कच्च्या कैदेत ठेवलं. प्रेत सापडलं नाही म्हणून सोडावं लागलं. पण सरकारनं सोडलं तरी लोक सोडतात होय? गावात त्याला कोणी कामावर घेईना. तो अंजनगाव सुर्जीला जाऊन पानमळ्यात मजुरीला लागला, तर मागोमाग त्याची कीर्ती तिथंही पोचली. त्याच्या पोरीसाठी, शकुनसाठी, स्थळ आलं की आठ दिवसांत कोणीतरी सोयऱ्यांच्या कानाला लागायचं. पोरगी तशीच राहिली. आणि बहीण? बहिणीनं त्याचं तोंड पाहिलं नाही. कपाळाचं कुंकू तेवढं पुसलं नाही, कारण प्रेत पाहिलं नव्हतं.

तर आता प्रेत सापडलं होतं. शालिकराम जमादारानं देवीदासला अंजनगावहून आणवून गोठ्याच्या मेढीजवळ बसवलं होतं आणि त्याच्या शेजारी शिपाई उभा केला होता. हाडांवर कुऱ्हाडीचा एक घाव निघू दे, मग पाहतो याला, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता. देवीदास खाली मान घालून बसला होता. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. जयवंताबाई ओसरीवरून त्याच्याकडे पाहत होती. घाव निघाला तर भाऊ फासावर जाणार होता. नाही निघाला तर चौदा वर्षांचं सगळं पाप तिच्या पदरात पडणार होतं. आणि खरं सांगायचं तर, लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण तिच्या मनात आलं की घाव निघालेला बरा.

अकोल्याहून सरकारी डॉक्टर आले अब्दुल रहीम. उंच, शिडशिडीत, बोलणं थोडं. कोतवाल हाडं टोपल्यात भरून वर काढायला निघाला होता, त्याला त्यांनी असं झापलं की बिचारा दिवसभर तोंड लपवत फिरला. डॉक्टरांनी आधी कंदील दोरीला बांधून आत सोडला. ज्योत जळत राहिली तेव्हा कोट काढला आणि गळ्याशी खोदलेल्या खोबणींत पाय टाकत स्वतः खाली उतरले. बराच वेळ ते आतच होते. मग एकेक हाड वर आलं आणि धुतलेल्या धोतरावर त्यांनी स्वतःच्या हातानं डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस मांडला. जयवंताबाईला वाटलं होतं आपण किंचाळू. ती किंचाळली नाही. सांगाड्याच्या हातातलं सहदेवचं चांदीचं कडं पाहिलं आणि नुसती मटकन खाली बसली.

डॉक्टरांनी विचारलं, तुमचा मालक डाव्या पायानं लंगडत होता का? होता. गाडीखाली पाय सापडला होता त्याचा, लग्नाच्या आधी. डॉक्टरांनी नडगीचं हाड उचलून खुशालराव पाटलाला दाखवलं. मोडून पुन्हा सांधलेलं, सांध्यावर गाठ धरलेली. पंचांनी माना हलवल्या. माणूस सहदेवच, याबद्दल आता वाद राहिला नाही.

मग डॉक्टरांनी कवटी उन्हात फिरवून फिरवून पाहिली. मानेचे मणके पाहिले, गळ्याचं कोवळं हाड बोटांवर घेऊन पाहिलं, बरगड्या एकेक करून पाहिल्या. जमादार वाकून वाकून बघत होता. शेवटी डॉक्टर उठले, हात धुतले आणि म्हणाले की हाडांवर कुठंही घाव नाही. मारून आत टाकलं म्हणावं, तर इतक्या उंचीवरून पडलेल्या माणसाचं काही ना काही मोडतंच. इथं काहीच मोडलेलं नाही. सांगाडा खोबणींच्या अगदी खाली पालथा पडलेला होता. पोटाखाली टोपलं होतं आणि टोपल्यात ज्वारीची काळी पडलेली बुरशी. म्हणजे माणूस आपल्या पायांनी उतरला, ज्वारी भरायला लागला, आणि तिथंच पडला. बंद पेवातली हवा विषारी होते. दिवसभर उघडं ठेवून, दिवा सोडून पाहून मगच उतरायचं असतं. हे पोरासोरांनाही ठाऊक होतं, आणि दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी घाईत उतरून मरतच होतं. सहदेवला दम कधी निघालाय?

कोणासाठी तो ज्वारी काढत होता हे जयवंताबाईच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळी भिकारी म्हणाला आणि दुपारी त्याच मेव्हण्यासाठी टोपलं घेऊन खाली उतरला. असाच होता तो.

पण शालिकराम जमादार हार मानणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, असेल, स्वतः उतरला असेल. पण मेलेला माणूस आतून फळ्या टाकून वरून लिंपत नाही. पेवाचं तोंड लिंपलेलं होतं, बैलाच्या पायाखाली ते लिंपणच फुटलं. म्हणजे हा खाली असताना कोणीतरी वरून तोंड बंद केलं. आणि त्या दिवशी ह्याच्या जिवावर उठलेला माणूस गावात एकच होता. त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं देवीदासच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. देवीदास काहीच बोलला नाही. बोलून काय होतं हे त्याला चांगलं माहीत झालेलं होतं.

जयवंताबाईला ती दुपार लख्ख आठवली. ती शेतातून आली होती. पारावरचं भांडण कानावर आलेलं, डोकं आधीच फिरलेलं. आभाळ भरून आलं होतं आणि गोठ्यामागं पेवाचं तोंड सताड उघडं. नवऱ्यानं नेहमीसारखं अर्धवट काम टाकून पळ काढला, असंच तिला वाटलं. तळाशी दोन-चार पोती ज्वारी होती, ती भिजली असती. आतून घाण वास येत होता म्हणून तिनं पदर नाकाला लावला आणि वाकूनही न पाहता फळ्या ओढून तोंड लिंपून घेतलं. पुढं महिनाभर तिथं वास मारत होता, तर ज्वारी नासली म्हणून तिनं वरून आणखी माती टाकली. ही गोष्ट इतकी साधी, इतकी रोजच्या कामातली, की चौदा वर्षांत तिला एकदाही आठवली नव्हती.

गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? तिलाही हे त्या क्षणी कळलं. शिपायानं देवीदासला दोन पावलं चालवलंसुद्धा.

"सोडा त्याले," ती म्हणाली. "तोंड मीनं लिंपलं."

जमादार वळला. पाटील म्हणाला की बाई, काय बोलून राहिल्या, होशात आहात का. ती उठून धोतरापाशी आली आणि सगळं सांगितलं. फळ्या, आभाळ, पदर, माती. शेवटी म्हणाली, "त्याले शिव्या देत देत लिंपलं मीनं. तो खाली होता, अन् मी वरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून राहिली होती."

जमादारानं डोक्यावरचा फेटा काढला आणि पुन्हा घातला. डॉक्टरांनी पंचांना सांगितलं की विषारी हवेनं गुदमरून अपघाती मृत्यू, यात कोणाचा गुन्हा नाही. शिपायानं देवीदासचा दंड सोडला.

जयवंताबाई डॉक्टरांसमोर हात जोडून उभी राहिली. "डाक्टरसाहेब, एकच सांगा. मीनं फळ्या टाकल्या तवा तो जिता होता का?"

"ते हाडं सांगत नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले. मग कोट उचलून गाडीकडे गेले.

लोक एकेक करून निघाले. धोतरावरच्या हाडांपाशी बहीण-भाऊ दोघंच राहिले. जयवंताबाई खाली बसली, कपाळावरचं कुंकू तिनं पदरानं पुसलं आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. त्यानं ठेवू दिलं नाही. तो तिच्यासमोर बसला. त्यानं शिव्या द्याव्या, लाथ मारावी, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"तू बोलली कावून?" देवीदासनं विचारलं.

"तुले नेऊन राहिले होते."

"नेलं असतं तं नेलं असतं." तो हाडांकडे पाहत होता. "चवदा वर्सं लोकं मले खुनी म्हनले, जयवंते. पन मले माहीत होतं का मीनं काई केलं नाई. कितीबी लोकं थुंकले, तरी मी रातच्याले झोपत होतो. आता तू कशी झोपशील?"

तो उठला, हाडांखालच्या धोतराची चारी टोकं गोळा केली आणि एक टोक तिच्या हातात दिलं.