खोट्या डायरीचे चोवीस तास

मित्रांनो, दमलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात आणि दमलेल्या यंत्राला नवी बॅटरी. माझी आज सकाळीच बदलली आहे. मी एक जुना होल्टर आहे. माणसाच्या कमरेला पट्ट्याने लटकायचे आणि छातीवर चिकटवलेल्या तारांमधून त्याच्या हृदयाचा प्रत्येक ठोका चोवीस तास टिपायचा, हे माझे काम. दिवसाला साधारण एक लाख ठोके होतात. अकरा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा, माझ्यात आता तेवढे त्राण नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. पहिला ठोका मी टिपला तो खऱ्या हृदयाचा नव्हताच. तपासणीच्या एका खोक्याने तो काढला होता, अगदी एकसारखा, शिस्तीचा. मला वाटले, हृदय म्हणजे असेच सरळमार्गी काहीतरी असणार. मग मी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आलो आणि पहिल्याच आठवड्यात तो भ्रम गेला. हृदये अडखळतात, धावतात, मध्येच एखादा ठोका गिळून टाकतात आणि वर माणूस म्हणतो, "मला काही होत नाही."

त्या खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे चिकटपट्टीबाई म्हणतात. त्या रुग्णाची छाती पुसतात, पट्ट्या चिकटवतात, रंग बघून तारा जोडतात आणि दरवेळी तेच बजावतात. आंघोळ नाही, तारा ओढायच्या नाहीत, काही वाटले तर माझ्यावरचे बटण दाबायचे आणि काय करत होतो ते वेळेसकट डायरीत लिहायचे. तरीही एका गृहस्थांनी माझ्यासकट आंघोळ केली. दुसरे एक माझ्यावरच बसले. माझ्या एका कोपऱ्याला पडलेली चीर अजून चिकटपट्टीनेच धरून ठेवली आहे. पुढे बिनतारांची, बोटभर लांबीची नवी यंत्रे आली आणि कौतुक तिकडे गेले. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मला वैद्याच्याच घरी अनुभवायला मिळाली. नव्यांपैकी एखादे बिघडले की मात्र माझी आठवण येते.

अशाच एका दिवशी चौदा वर्षांच्या एका मुलीसाठी मला कपाटातून काढले. ती पोहणारी होती. शर्यतीची शिट्टी वाजली, तिने उडी मारली आणि अर्ध्या वाटेत ती बेशुद्ध झाली. शिक्षकांनी तिला बाहेर ओढले म्हणून निभावले. घरच्यांच्या मते ती उपाशीपोटी गेली होती, एवढेच. पण डॉक्टरांना शंका होती. दहा दिवसांवर मोठी स्पर्धा होती आणि माझी नोंद चांगली निघाली तरच तिला पाण्यात उतरता येणार होते.

चिकटपट्टीबाईंनी अर्ज भरताना तिच्या आईला विचारले, "घरात कुणी हृदयाने अचानक गेलंय का?"

"छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत," आई म्हणाली. बाईंनी रकान्यात 'नाही' लिहिले.

मी मुलीच्या कमरेला जेमतेम एक तास होतो. घरी पोचताच तिने मावशीला गाठले. मावशी त्याच घरात राहायची आणि कपडे शिवायची. चाळीस वर्षांत तिला कधी साधी चक्कर आली नव्हती.

"मावशी, एका दिवसापुरतं लाव ना. तुझं हृदय चांगलं आहे."

"अगं, पण हे लबाडीचं काम."

"सराव बुडला तर मी गेलेच."

मावशीचा जीव भाचीवर. ती विरघळली. सुटल्या तर लावायला म्हणून दिलेल्या जास्तीच्या पट्ट्या होत्याच, तारांचे रंग मुलीने कागदावर उतरवून ठेवले होते. संध्याकाळी सहा वाजता मुलगी पाण्यात होती आणि मी मावशीच्या कमरेला. मित्रांनो, यंत्राला माणूस ओळखता येत नाही. समोर जे हृदय येईल ते मी मुकाट्याने टिपतो. त्या संध्याकाळी ती पोर काठावर सुखरूप परत आली, यात माझा काही वाटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मुलीच्या अंगावर चढून रुग्णालयात आलो. डायरी तिने आधीच लिहून ठेवली होती, सुवाच्य अक्षरात. ती वाचता वाचता चिकटपट्टीबाई थबकल्या.

"दहा वाजता खेळाचा तास, मैदानाला चार फेऱ्या," त्या पुटपुटल्या. "आणि ठोके बासष्ट? ही पोरगी धावली की झोपली?"

पण डॉक्टरांचे लक्ष दुसरीकडेच होते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरते. या नोंदीत त्या सावरण्याला फार वेळ लागत होता, दिवसभर आणि रात्रभर. दुपारी एकदा मावशी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढली, तेव्हा चार ठोके एकमेकांच्या अंगावर आदळले होते. तिने फक्त घाम पुसला होता.

डॉक्टरांनी मुलीला, आईला आणि सोबत आलेल्या मावशीला आत बोलावले. मी टेबलावरच होतो.

"पोहणं आजपासून बंद," ते म्हणाले. "हे जिवावर बेतू शकतं."

मुलीचा चेहरा पडला. "पण ते माझं नाहीच," ती बोलून गेली.

मग मावशीने खाली बघत सांगितले, "ते माझं आहे."

आई दोघींकडे बघतच राहिली. डॉक्टर रागावतील असे मला वाटले होते, पण त्यांनी आवाज खाली आणला. "हा दोष घराण्यातून येतो. नीट आठवून सांगा. तरुणपणी कुणी गेलंय? कशानेही."

"आमचा भाऊ," मावशी म्हणाली. "एकोणीस वर्षांचा होता. पण तो हृदयाने नाही गेला. बुडाला."

"पोहता येत होतं त्याला?"

"पट्टीचा पोहणारा होता," आई म्हणाली आणि तिने मुलीचा हात घट्ट धरला. बावीस वर्षे त्या घरात 'पाय घसरला असेल' एवढेच बोलले गेले होते.

डॉक्टरांनी तो अर्ज पुढे ओढला आणि 'नाही' हा शब्द खोडला.

त्यानंतर मला फुरसत मिळाली नाही. आधी मुलगी, मग आई. दोघींचेही ठोके मावशीसारखेच निघाले. मामाचेही तसेच असणार, पण त्याला विचारायला उशीर झाला होता. तिघींना रोजची गोळी सुरू झाली. ती कधी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले. स्पर्धा तर गेलीच. पुढे कधी पोहायचे की नाही, ते गोळी कशी लागू पडते हे पाहून ठरणार होते. मावशी म्हणायची, पोरीच्या लबाडीने माझा जीव वाचला. मुलगी त्यावर हसत नसे.

तिने मला खरोखर घातले त्या दिवसाची डायरी मी अजून विसरलेलो नाही. अक्षर वेडेवाकडे होते. 'संध्याकाळी सहा. पोहायला गेले नाही. खिडकीत बसले. छातीत फार दुखलं. बटण दाबलं.' चिकटपट्टीबाईंनी सहा वाजताची नोंद काढली, मागेपुढे करून दोनदा पाहिली. त्या वेळचा प्रत्येक ठोका मी टिपला होता. नेहमीच्या दोषापलीकडे त्यात काहीच नव्हते. बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली आणि डायरी बराच वेळ मिटलीच नाही.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, तारा ओढू नका, माझ्यावर बसू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. डायरी खरी लिहा, आणि कुणी खरी लिहिली तर ती नीट वाचा. माझ्याकडे फक्त ठोके असतात.